राखणदाराचा कोपरा

१२ नोव्हेंबर

आले एकदाची. पणजीचं क्वार्टर सोडताना शेजारणी रडल्या, मी नाही रडले. सगळी नोकरी सरकारी भिंतीत काढली. खिळा मारायचा तरी अर्ज करावा लागायचा. त्या भिंतींसाठी काय रडायचं? हॉस्पिटलातली ‘सिस्टर’ म्हणजे मी, गेल्या महिन्यात रिटायर झाले. आता गावी लाटंबार्शाला, माझ्या वाटणीच्या भाटात, बापाच्या बागायतीत, माझं स्वतःचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संध्याकाळी बसायला समोर छोटं बालकांव. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, त्यामुळे जास्त खोल्यांचा पसारा नको.

घर होईपर्यंत मुक्काम कृष्णाकडे. कृष्णनाथ माझा धाकटा भाऊ. त्याने हे घर बांधल्याला काही वर्षं झाली, पण मी यायची ती चवथीला, दोन दिवस, पाहुण्यांच्या गर्दीत. आज पहिल्यांदा नीट बघितलं. गिलावा न करता तशाच ठेवलेल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, लालबुंद, मधेच पिवळट पांढरे ठिपके. “एवढा देखणा चिरा कुठून आणलास रे?” विचारलं तर म्हणाला, “हाडलो हांगाच लागसार,” इथूनच जवळून म्हणे, आणि माझ्या बॅगा उचलून आत गेला. पाठीचं दुखणं आहे त्याला, तरी बॅगा दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही.

आई गेली तेव्हा हा पहिलीत होता. रात्री झोपेत “ताय” म्हणून हाक मारायचा. मी “व्हय रे” म्हटलं की कूस बदलून परत झोपायचा. अजूनही माझ्यासमोर मान वर करून बोलत नाही.

जेवताना मी माती तपासणीचं सांगितलं. म्हापशाची एक इंजिनिअर मुलगी येणार, भाटात तीन ठिकाणी भोकं पाडून जमीन तपासणार. कृष्णाचा घास हातातच राहिला. “ताय, माती कसली तपासतलीस? आमच्या आज्यान खंय तपासिल्ली?”

“आज्याने रक्तसुद्धा तपासलं नव्हतं, म्हणून तर लवकर गेला,” मी म्हटलं. “रिपोर्ट आल्याशिवाय मी कुणाला ऑपरेशनच्या टेबलावर चढू दिलं नाही. मग घर कसं उभं राहू देऊ?”

हसायला हवं होतं दोघांनी. जानकी, माझी भावजय, ताटाकडे बघत राहिली. दमली असेल बिचारी.

१४ नोव्हेंबर

भाट बघून आले. ओळखलंच नाही मी. लहानपणी इथे चढउतार होते, मधोमध मानकुराद आंब्याचं जुनं झाड होतं. आता सगळं शाळेच्या मैदानासारखं सपाट. कृष्णा म्हणाला, वादळात आंबा पडला, मग जमीन सारखी करून घेतली. माझ्यासाठी! मी न सांगता. खाणी बंद पडल्या तेव्हा याचे दोन्ही ट्रक दारात गंजत उभे होते, संसार कसा चालवला ते देवाला ठाऊक, आणि तशातही बहिणीच्या जमिनीवर याने लक्ष ठेवलं. माझे डोळे भरून आले. मी ते उन्हावर ढकललं.

एक नवीन गोष्ट कळली. भाटाच्या मागच्या कोपऱ्यात राखणदार आहे, जमिनीची राखण करणारा देव. मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. काजूच्या रोपांमध्ये उभा केलेला चिरा, शेंदूर लावलेला, समोर नारळ आणि विड्या. “थंय लोखंड घालूंक जायना, ताय,” कृष्णा म्हणाला. “घर तूं रस्त्याकडेन बांद. पयस.”

मी म्हटलं, रस्त्याकडे धूळ, ट्रक, हॉर्न. मला मागेच हवं, राखणदाराच्या सोबतीला. एकट्या बाईला याच्यापेक्षा चांगला शेजार कोणता? मी रोज दिवा लावीन त्याला. कृष्णा म्हणाला, देवाची वाट असते, आड घर येता नये. मी म्हटलं, मग वाट सोडून बांधते. तो म्हणाला, वाट खूप रुंद आहे. राखणदार काय ट्रक घेऊन फिरतो का, असं मी विचारलं. हट्टात मी त्याला कधीच हरले नाही.

१५ नोव्हेंबर

पोदेर सकाळी गरम पाव, उंडे, देऊन गेला. त्यातले दोन आणि केळी घेऊन राखणदाराकडे गेले, तेलवात केली. काय नीटनेटका दगड आहे! चारी बाजू सरळ, अंगावर बारीक अर्धगोल रेघा, कंगव्याने ओढल्यासारख्या. जुन्या लोकांच्या हातात कला होती. हात जोडून सांगितलं, बाबा, मी सुमंगला, आता तुझ्या पदरी राहायला येते.

परत येताना मन इतकं हलकं होतं की मी चक्क गुणगुणले.

१९ नोव्हेंबर

तपासणीवाले आले. इंजिनिअर सेजल, वय माझ्या नव्या नर्सेसएवढं, डोक्यावर टोपी, पायात जाड बूट, बोलणं तुटक. मला मावशी म्हणते. यंत्रावर महादेव, दोडामार्गचा, आणि त्याची दोन माणसं. तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं करतात. जड हातोडा दोरीने वर न्यायचा, सोडायचा, आणि पोकळ नळी जमिनीत शिरायला किती घाव लागले ते सेजल मोजते. घाव जास्त तितकी जमीन घट्ट. मग नळी वर काढून उभी उघडतात, आत त्या खोलीवरची माती अख्खी सापडते. मला भारी आवडलं. हीसुद्धा बायोप्सीच.

सुरू करण्याआधी महादेवने टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, आज ह्या जाग्यात तुझी लेकरां लोखंड घालतत, ता मान्य करून घे.” आम्ही सगळे मागून, “व्हय महाराजा.” “काय चूकभूल झाली तर पोटात घाल, कोणाक इजा होवची नाय असा कर.” “व्हय महाराजा.” पणजीत हे ऐकायला मिळत नाही. त्याची एक लय असते, वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं. कृष्णा मात्र लांब, बांधावरच्या मोठ्या काजूखाली उभा होता.

पहिलं भोक रस्त्याकडे. थोड्याच खोलीवर हातोडा टणाटण उडायला लागला. पक्का जांभा. सेजल खूश.

तिसऱ्या भोकावरून वाजलं. तिने घराच्या नकाशाप्रमाणे जागा आखली, ती राखणदाराला लागून. कृष्णा पुढे आला, इतका मोठ्याने बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकला. “थंय ना म्हणजे ना! देवाचो जागो तो!”

सेजल माझ्याकडे वळली. “मावशी, पेशंट म्हणाला पोटाला हात लावू नका, बाकी सगळं तपासा, तर तुम्ही ऐकाल?”

खरं तर हे माझंच बोलणं. पण आमच्या देवाची तुलना कुणाच्या पोटाशी केलेली मला खपली नाही. मी तिला माझ्या वॉर्डातल्या आवाजात सांगितलं की जमीन माझी आहे आणि देवसुद्धा माझा आहे. तिने गुपचूप खुंटी उपटली आणि बरीच अलीकडे ठोकली. कृष्णाने डोळे मिटून सुस्कारा सोडला. भाविक आहे माझा भाऊ, बापावर गेला.

२० नोव्हेंबर

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

दुसरं भोक ठीक गेलं. दुपारी तिसरं. वरचा थर लाल, दाबलेला, हातोडा चांगला वाजत होता. मग आवाज बदलला. धप, धप, जसं गादीवर मारावं. सेजल मोजता मोजता थांबली. महादेवने हातोडा वर नेला, अजून सोडलाही नव्हता, आणि नळी लावलेली सळई आपल्याच वजनाने खाली निघाली. कुणी ढकलत नव्हतं. सरळ जात राहिली. महादेव ओरडला, “गेली! गेली! धर!” दोघांनी पकडली. मी माणसं जाताना पाहिलीत, पण पायाखालची जमीन अशी निघून जाताना कधी पाहिली नव्हती.

नळी वर काढून उघडली. आत खाणीतली टाकाऊ माती, काळपट चिखल, कुजलेलं लाकूड. आणि त्यात चकचकीत काहीतरी. सेजलने चिमट्याने ओढलं. वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा. धुतल्यावर रंगसुद्धा ताजे.

“ही जमीन नाही, मावशी,” ती हळू म्हणाली. “हा भरलेला खड्डा आहे. इथे कुणीतरी खोल खणून काढलंय आणि नंतर बुजवलंय. यावर घर बांधलं असतं तर एखाद्या पावसात भिंती फाटल्या असत्या. किंवा अख्खं घर खाली बसलं असतं, तुम्ही आत असताना.”

जानकी चहा घेऊन आली होती. तिने तो तुकडा बघितला आणि ट्रे तिच्या हातातून सुटला. कपांचा चुरा. मी तिला सावलीत बसवलं, नाडी बघितली, घोड्यासारखी धावत होती. उन्हातून चालायची सवय नाही तिला.

कृष्णा साखळीच्या बाजारात गेला होता. आल्यावर त्याला सगळं सांगितलं. मी आगीचा लोळ झाले होते. कुणी केलं हे? माझ्या जमिनीत यंत्र लावून, माझा आंबा पाडून, खड्डा करून, कचरा भरून गेला आणि गावात कुणाला पत्ता नाही? पोलिसात जाते, पंचायतीत जाते, सोडणार नाही त्या हलकटाला! कृष्णा चप्पल न काढता पायरीवर बसून राहिला. “कोण जाणा, ताय,” एवढंच बोलला.

त्याला पण धक्का बसलाय. रात्री जेवला नाही.

२२ नोव्हेंबर

सेजलचा फोन. खड्डा कुठपर्यंत पसरलाय ते कळल्याशिवाय या जमिनीवर घर होईल की नाही हेच सांगता येणार नाही, आणि त्यासाठी एक भोक राखणदाराच्याच कोपऱ्यात हवं. म्हणजे माझं घर आता देवाच्या हातात. म्हटलं, मग देवालाच विचारू. देवळात जाऊन कौल घ्यायचं ठरवलं.

कृष्णाला चल म्हटलं, तर पाठ धरलीय म्हणाला. एकटीच गेले.

म्हातारा गुरव मला लहानपणापासून ओळखतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “खंयचो राखणदार, बाये?”

मी म्हटलं, आमच्या भाटातला, मागच्या कोपऱ्यातला.

“तुमच्या भाटांत राखणदार ना. शिमेवयल्या सगळ्या देवांक वर्साक एक फावटीं नारळ वता. हांवच दितां. तुमगेर केन्नाच दिवंक ना.”

“जुना असेल, विसरला असाल.”

तो रागावला नाही. “देव कोण विसरता, बाये?” म्हणाला, आणि कौल लावलाच नाही. नसलेल्या देवाबद्दल कौल कसा लावायचा?

मी घरी येऊन कृष्णाला सांगितलं. तो म्हणाला, गुरवाला आता म्हातारपणी काही आठवत नाही. असेल तसंही. आमच्या वॉर्डात असे कितीतरी यायचे.

पण गुरवाला माझ्या बारशाचा दिवस आठवत होता.

२३ नोव्हेंबर

दुपारी जरा आडवी झाले होते. डोळा लागला नाही. भिंतीकडे तोंड, हात सहज भिंतीवर. थंडगार चिरा. बोटांना काहीतरी लागलं. बारीक रेघा. अर्धगोल.

सगळ्या भिंतीवरून हात फिरवला. प्रत्येक चिऱ्यावर त्याच रेघा. यंत्राच्या पात्याच्या.

उठून तशीच, चप्पल न घालता भाटात गेले. राखणदाराचा शेंदूर पदराने पुसला. रेघा त्याच. पिवळट ठिपके तेच. आणि सेजलने पहिल्या भोकातून काढलेला जांभ्याचा गोळा रस्त्याकडे अजून पडला होता, तो घेऊन शेजारी धरला. तोच दगड.

मी आठ दिवस कुणाला दिवा लावला?

ज्या भिंतींचं मी आल्या दिवशी कौतुक केलं, त्यांच्यात मी झोपतेय. माझीच जमीन उभी करून तिच्यात मला झोपवलंय.

नाही. असं नसेल. कृष्णा असं करणार नाही.

२५ नोव्हेंबर

विचारलं नाही. दोन दिवस समोरासमोर बसून जेवतोय, माशांचं हुमण वाढतेय जानकी, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टरांच्या तोंडावर खरं बोलणारी मी. काल जानकीला एकटी गाठलं. तिने पदर तोंडात घातला. “ताय, म्हाका विचारूं नाकात. तांकां विचारात.”

म्हणजे विचारण्यासारखं आहे.

कृष्णा सकाळी भाटात गेलेला मी खिडकीतून बघितला. मी पुसलेला शेंदूर त्याने परत लावला. कान धरून उभा होता. मला वाटलं होतं नाटक माझ्यासाठी आहे. पण तिथे बघायला कोणी नव्हतं.

सेजलला फोन केला. म्हटलं, ये. उद्याच ये. कोपऱ्यातच भोक घाल.

२६ नोव्हेंबर

सकाळी यंत्र आलं. तिकाटणं कोपऱ्यापर्यंत ओढत आणलं. राखणदार हलवल्याशिवाय ते उभं राहीना. महादेवच्या माणसांनी हात मागे घेतले. महादेव म्हणाला, “बाये, देव हलवूचो म्हणजे गाऱ्हाणा व्हया. आणि ता मियां घालून चलाचा नाय. घरच्या पुरुषान घालूक व्हया.”

सेजल मला म्हणाली, मावशी, नको असेल तर थांबू. मी म्हटलं, नाही. जानकीला पाठवलं.

कृष्णा आला. मला वाटलं होतं ओरडेल, नाही म्हणेल. तो काही न बोलता चिऱ्यासमोर गेला, टोपी काढली, हात जोडले. आमच्याकडे पाठ. आम्ही सगळे मागे उभे.

“बा देवा म्हाराजा, राखणदारा.”

“व्हय महाराजा.”

“तुका हांगा पूर्वजांनी बसयलो ना. तुका हांवें हाडलो.”

महादेव आणि त्याची माणसं एकमेकांकडे बघू लागली, पण गाऱ्हाणं अर्ध्यात सोडत नाहीत. “व्हय महाराजा.”

“खाणी बंद पडल्यो. ट्रक दारांत उबे. खावपाक ना. ह्या भाटांतलो चिरो हांवें यंत्र लावन काडलो. भाट म्हजें न्हय, तायचें. आंबो हांवेंच पाडलो.”

“व्हय महाराजा.” माझाही आवाज त्यात होता. तोंड आपोआप उघडत होतं. आत मात्र काहीतरी तुटून पडत होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हते.

“त्या चिऱ्यान म्हजें घर बांदलें. उरिल्लो विकलो. फोंड खाणीचे मातयेन भरलो. तायक सांगपाक तोंड नाशिल्लें.”

“व्हय महाराजा.”

“ताय घर बांदपाक येता म्हणटगीर न्हीद पडना जाली. तें घर खचतलें, ती भितर आसतली. देखून तुका ह्या फोंडार बसयलो. तायक भावाचें आयकुपाची संवय ना, देवाचें आयकतली म्हणून.”

“व्हय महाराजा.”

त्याचा आवाज फाटला. मान अजून खाली गेली. “पाप म्हजें. जें कितें वायट येवपाचें आसा, तें म्हजेर येंव. म्हज्या घरार येंव. तायच्या माथ्यार घालूं नाका.”

“व्हय महाराजा.”

एकटा आवाज होता. माझा. महादेव गप्प झाला होता, सगळेच गप्प झाले होते, माझ्या भावावर वाईट येवो याला तिथे फक्त मी हो म्हटलं.

कृष्णाने वळून पाहिलं नाही. वाकला, चिरा छातीशी धरून उचलला आणि काजूखाली नेऊन ठेवला. तेवढ्यात पाठीत उसण भरली ती भरलीच. गुडघ्यांवर बसला तो उठेना. महादेवच्या माणसांनी धरून घरी आणला.

यंत्र चाललं. मी तिथेच थांबले, भाट हाही माझाच पेशंट होता. कोपऱ्यातही सळई तशीच बुडत गेली. सेजल माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, सगळा मागचा भाग गेलाय. रस्त्याकडे अरुंद पट्टी शिल्लक आहे, तिथे एक खोली होईल, फार तर दीड. बालकांव नाही होणार. मग एकदम माझा हात धरला आणि म्हणाली, तरी बरं झालं तपासलं.

दुपारी घरी आले. जानकीने दारातच सांगितलं, “ताय, तांकां कूस बदलूंक येना.” तो पालथा पडला होता, माझ्याच खोलीत, कारण ती खोली जवळ. मी तेल गरम केलं आणि पाठ चोळायला बसले. दुसरं काय करणार? हे मला येतं. मणक्याच्या बाजूचे स्नायू दगडासारखे झालेत. समोर भिंत, रेघारेघांची. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

ते ‘व्हय’ सवयीने गेलं, असं स्वतःला शंभरदा सांगितलं. गाऱ्हाण्याची लयच तशी असते. कुणीही म्हटलं असतं. मग बाकीच्यांनी का नाही म्हटलं?

चोळता चोळता तो गुंगीत गेला. श्वास सावकाश झाला. आणि झोपेतच, पहिलीतल्या पोराच्या आवाजात, म्हणाला, “ताय.”

माझे हात थांबले. त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं. एकच शब्द. तोंड उघडलं, आणि तो शब्द काही केल्या बाहेर येईना.

त्याने आणखी एकदा हाक मारली.